पती-पत्नी एकत्रीकरण

सरकारी शब्दांचा मला मुळातच राग, आणि 'पती-पत्नी एकत्रीकरण' या शब्दाचा सगळ्यांत जास्त. शाळेत खिचडीच्या दोन पातेल्यांत थोडं थोडं उरलं की आम्ही एकत्र करतो, तसं नवरा-बायकोला करायचं म्हणे. आमच्या सिंधुबाईंनी या मथळ्याखाली पंचवीस वर्षं बदलीचे अर्ज केले. त्या हदगावला, नांदेड जिल्ह्यात. त्यांचे मालक रामकिशनसर अहमदपूरजवळच्या शाळेत, लातूर जिल्ह्यात. एका वर्षी तिकडं जागा रिकामी नसायची, दुसऱ्या वर्षी इकडून सोडायला बदली माणूस नसायचा. मी बाईंच्याच शाळेत शिकवते आणि भिंतीला भिंत लावून राहते, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

शनिवारची सकाळची शाळा सुटली की एका आठवड्यात बाई निघायच्या, दुसऱ्या आठवड्यात सर यायचे. नांदेडला गाडी बदलायची, मग लोहा, माळाकोळी, अहमदपूर. लेक साक्षी आधी कडेवर होती, मग बोट धरून, मग खिडकीजवळच्या जागेसाठी भांडत. आता ती हैदराबादला नोकरी करते. स्टाफमधलं कुणीतरी चिडवायचं, "बाई, तुमचं बेस हाय. दुरून डोंगर साजरे." बाई हसायच्या. मला त्या माणसाच्या हातातला चहा सांडावासा वाटायचा.

सणावाराचे तर फार हाल. लातूरकडं वेळ अमावस्येला, म्हणजे येळवसेला, गावंच्या गावं शेतात जातात. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पांडवांची पूजा करतात, भाज्या-शेंगांची घट्ट भज्जी आणि ताकातली आंबील खातात. तिकडं त्या दिवशी शाळेला सुट्टी, आमच्या हदगावला मात्र शाळा भरलेली. बाई वर्षभर त्या एका दिवसासाठी रजा राखून ठेवायच्या, ताप आला तरी शाळेत यायच्या. एका वर्षी नेमकी तपासणी निघाली आणि रजा मिळाली नाही. मग सर भज्जीचा डबा आणि आंबिलीची कॅन घेऊन नांदेडच्या बसस्टँडवर आले, बाई शाळा सुटताच धावत गेल्या. बाकड्यावर बसून दोघांनी येळवस केली आणि आपापल्या गाडीनं परत गेले. अर्धी आंबील गाडीतच सरांच्या पँटवर सांडली होती. हे सांगताना बाई नव्या नवरीसारख्या लाजायच्या.

त्याहून लाडकी गोष्ट संक्रांतीची. दोघांनीही एकमेकांना न सांगता अचानक जायचं ठरवलं. बाई अहमदपूरला पोचल्या तर सरांच्या दाराला कुलूप, सर हदगावला पोचले तर बाईंच्या. त्यांच्या गाड्या वाटेत कुठंतरी एकमेकींना ओलांडून गेल्या असणार. सर बाईंच्या पायरीवर आणि बाई सरांच्या पायरीवर, असे दोन तास फोनवर बोलत बसले. सरांना चहा मी दिला, आणि बाईंसाठी आणलेला तिळगूळही मीच खाल्ला. "त्या दिवसाएवढं आम्ही कधी बोललोच न्हाई," बाई सांगायच्या. तेव्हा मला ते गोड वाटायचं.

मागच्या वर्षी जूनमध्ये सर निवृत्त झाले आणि पेटी, रेडिओ घेऊन हदगावला आले. मी त्यांच्या दारात हौसेनं रांगोळी काढली.

पहिला आठवडा पुरणपोळी, धपाटे, भरलं वांगं. बाईंना सरांसाठी पाहुण्यासारखं करायचं माहीत, सरांनाही त्या घरात पाहुण्यासारखंच राहायचं माहीत. पण पाहुणचार दोन दिवसांचा असतो. सरांना पहाटे चारला रेडिओ लागतो हे बाईंना ठाऊक नव्हतं, कारण शनिवार-रविवारी ते लावत नसत. शाळेतून आल्यावर बाईंना तासभर कुणाशी बोलवत नाही, हे सरांना ठाऊक नव्हतं. ते दिवसभर वाट पाहून दारातच विचारायचे, "काय झालं आज शाळेत?" बाई म्हणायच्या, "काय न्हाई." भांडले असते तर बरं झालं असतं, पण भांडायलाही एकमेकांची सवय लागते. भिंतीपलीकडून मला नुसता ताटं ठेवल्याचा आवाज यायचा.

एका रविवारी सर ओट्यावर बसले होते. मला म्हणाले, "वैष्णवीबाई, चार वाजले की मला उगंच परतीच्या गाडीचा टाइम झाला असं वाटून राहिलंय."

येळवसेला सर एकटेच अहमदपूरकडं आपल्या शेतावर गेले. बाईंनी रजा टाकली नाही. विचारलं तर म्हणाल्या, "पोरांची चाचणी हाय." चाचणी नव्हती. सर तूर काढून येतो म्हणाले होते. तूर निघाली, हरभरा निघाला, सर आले नाहीत. पूर्वीचा रोज संध्याकाळी आठचा तासभराचा फोन मात्र पुन्हा सुरू झाला आणि भिंतीपलीकडून बाईंचं हसणं पुन्हा ऐकू यायला लागलं. एकदा फोन ठेवून त्या माझ्याकडं आल्या आणि जमिनीवरच बसल्या. "किती चांगला माणूस हाय हो हा," म्हणाल्या. "पण घरात राहायला आला त्यो मला वळखू येत नव्हता." मग त्या रडल्या. मी पंचवीस वर्षांत त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

या उन्हाळ्यात बदल्यांचे अर्ज सुरू झाले. बाईंना त्रेपन्न पूर्ण झालेली, आता वयाची सवलत. केंद्रप्रमुख संगमेश्वरसर स्वतः सांगायला आले. "बाई, यादी लागली. तुमच्या मालकांच्या शाळेतली त्यांचीच जागा रिकामी हाय. सवलतीत तुमचा पहिला नंबर. होकार भरा, ह्या वर्षी काम झालंच म्हणून समजा."

आमच्या शाळेतले ऑनलाइन अर्ज मीच भरते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी बाई माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या. होकार की नकार, एवढंच भरायचं होतं.

"नकार टाका," बाई म्हणाल्या.

मी चिडले. म्हटलं, "बाई, डोकं ठिकाणावर हाय का? सगळा जन्म ह्या कागदापायी घातलात."

"तिथं जाऊनबी दोघं गपच बसलो तर?" त्या म्हणाल्या. "आत्ता रोजचा एक तास तरी हाय माझ्याकडं. त्योबी जाईल."

मी नकार भरला. पुढं 'कारण' विचारलं होतं, तिथं 'वैयक्तिक' लिहिलं. तेवढ्यात आठ वाजले आणि फोन आला. बाईंनी माझ्यासमोरच घेतला. मी जवळ होते, सरांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"भरला का गं अर्ज?"

"हाव, भरला."

"होईल काय ह्या वर्षी?"

"कुठलं होतंय. तुमच्याकडं जागाच न्हाई म्हणतेत."

सर रोज सकाळी त्याच शाळेत जाऊन बसतात, तिथंच चहा पितात. त्यांची खुर्ची वर्षभर रिकामी आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

"हाव," सर म्हणाले. "मीबी तसंच ऐकलं."

मग त्यांनी आज काय भाजी केली ते विचारलं, आणि बाई हसून सांगायला लागल्या.