दुसऱ्या भागात पाचवा नव्हता

पिक्चर बघणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण पिक्चरवर विश्वास ठेवणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या धाकट्या आत्याचे यजमान. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना मामा म्हणे. पणदऱ्यात त्यांचा ऊस होता, म्हशी होत्या, अंगात मांस असं फारसं नव्हतं. जत्रेतल्या तंबूत पिक्चर बघायला जातानाही ते सोसायटीच्या वार्षिक सभेला जावं तसे इस्त्रीचे कपडे घालून जात. पडद्यावर नायकाची आई आली की टोपी नीट करत. खलनायक दाराआड लपला असेल तर नायकाला तसं स्पष्ट शब्दांत कळवत, आणि त्याने ऐकलं नाही तर "आपण सांगायचं काम केलं" म्हणून मागे रेलत. तंबूत रेलायला मागे काही नसे, तेव्हा ते मागच्या माणसाच्या गुडघ्यांवर रेलत. तो माणूस बहुधा ओळखीचाच निघे.

पण मामांची खरी ख्याती पिक्चर बघण्यात नव्हती, सांगण्यात होती. पाहिलेला पिक्चर ते जसाच्या तसा सांगत. सुरुवात सेन्सॉरच्या सर्टिफिकेटपासून होई. जिथे रीळ तुटलं असेल तिथे "हितं रीळ तुटलं" म्हणून गप्प बसत आणि तंबूत जेवढा वेळ अंधार झाला असेल साधारण तेवढा वेळ कुणाला बोलू देत नसत. मध्यंतर आलं की उठून बाहेर जात, पाणी पिऊन येत, मग पुढे सुरू. कऱ्हाटीच्या एका लग्नात ऐन अक्षता पडायच्या वेळी मामांच्या गोष्टीत नायक विहिरीत लोंबकळत होता, आणि नवरीचा सख्खा मामा तिच्या पाठीशी उभा राहायचं सोडून मांडवाच्या कोपऱ्यात मांडी घालून बसला होता. त्याला बोलवायला गेलेली माणसंही तिथेच बसली. कुणी म्हणालं, "आवरा जरा, मधलं गाळा," तर मामा म्हणत, "गाळायला त्यो काय चहा हाय व्हय?" पदरचा एक शब्द घालायचा नाही आणि मूळचा एक वगळायचा नाही, असा त्यांचा नेम होता. त्या नेमाबद्दल आत्याला सोडून सगळ्यांना आदर होता.

नव्वद साल उलटल्यावर केव्हातरी पणदऱ्याच्या जत्रेत परदेशातला, हिंदी बोलायला लावलेला एक पिक्चर आला. त्याचं नाव मामांनी कधी घेतलं नाही, ते त्याला पाच जणांचा पिक्चर म्हणत. त्यात अचाट ताकदीची पाच माणसं होती. एक उडे, एक डोंगर उचले, एकाच्या बोटांतून वीज निघे, एक बाई हातातून जाळ काढी, आणि पाचवा नुसता दिसेनासा होई. त्यांचे ओठ आणि शब्द यांचा मेळ बसत नसे, त्याचा खुलासा मामांनी केला, "लांबची माणसं हायेत, आवाज यायला टायम लागतो." तो पिक्चर मामा आणि डेअरीवर रोज संध्याकाळी बसणारे त्यांचे चार मित्र यांच्या इतका मनात भरला, की भावकीत जमीन वाटावी तशी त्यांनी त्या पाच जणांची आपसात वाटणी करून घेतली. चिठ्ठ्या टाकल्या. उडणारा ट्रॅक्टरवाल्या आबांना गेला, ज्यांना ट्रॉलीवर चढवायला दोन माणसं लागत. डोंगर उचलणारा मामांच्या वाट्याला आला. वीजवाला वायरमनला निघाला, तेव्हा चिठ्ठ्यांत काहीतरी गडबड आहे असा सगळ्यांना संशय आला. जाळवाली बाई डेअरीच्या सेक्रेटरींना मिळाली, आणि ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नाही.

राहिलेला, न दिसणारा, तात्यांचा. तात्या म्हणजे दाराच्या चौकटीत मावणार नाही असा माणूस. त्यांच्या वाडवडिलांची मेंढरं होती, आणि रानभर पसरलेला कळप हाकायचा तो आवाज कळप गेल्यावरही घराण्यात राहिला होता. तात्या खोकले की वेशीपर्यंत कळे. आधी ते नाराज झाले. "दिसतच न्हाय, त्याचं कौतुक ते काय?" पण मग मामांनी त्यांना शेवट पुन्हा सांगितला. पाचवा एकटा शत्रूच्या गोटात शिरतो, आतून दार उघडतो, चौघे आत येऊन लढाई जिंकतात आणि हारतुरे चौघांनाच मिळतात. तात्यांनी सगळा ऐकून घेतला. मग म्हणाले, "आसंच आसतंय बघा." त्या दिवसापासून तो त्यांचा झाला. कुणाला न सांगता लोकांची कामं करण्याचा त्यांनी सपाटा लावला. कुणाच्या बांधाला माती लाव, कुणाच्या उसाला पाणी सोड. खोकल्यामुळे ते तात्याच आहेत हे सगळ्यांना कळे, पण कळतंय हे आम्ही त्यांना कळू दिलं नाही.

पुढे दोनेक वर्षांनी तात्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, आवाज पार बसला. त्यांची लेक त्यांना कळंबला आपल्या घरी घेऊन गेली. आणि त्याच सुमाराला बारामतीत पाच जणांच्या पिक्चरचा दुसरा भाग लागला. मी बारामतीच्या शाळेत मास्तर असल्यामुळे तिकिटं काढायचं काम माझ्याकडे आलं. मामा आधी कळंबला जाऊन तात्यांना शब्द देऊन आले, "तुमी पडून ऱ्हावा. बघून येतो आन् सगळा सांगतो."

आम्ही पिक्चर पाहिला. मारामाऱ्या पहिल्यापेक्षा मोठ्या होत्या, इमारती जास्त पडल्या. पण पाचवा नव्हता. मेला म्हणावं तर तसंही नाही, कुणी त्याचं नावच काढलं नाही. चौघेच आले, भांडले, लढले, आणि पिक्चर संपला. दिवे लागल्यावरही मामा उठेनात. "असंल आजून," म्हणाले. झाडूवाला आल्यावर उठले.

दुसऱ्या दिवशी डेअरीवर सभा बसली. आमच्या भागात चार माणसं जमली की ती सहकारी पद्धतीनेच जमतात. सेक्रेटरींनी प्रथम मागील सभेचा वृत्तांत म्हणून पहिल्या भागाची गोष्ट थोडक्यात सांगून कायम करून घेतली. मग दुसरा भाग चर्चेला आला. वायरमनचं मत पडलं, की विजेचं काम झकास झालंय. ट्रॅक्टरवाल्या आबांना उडणं आवडलं होतं, पण पहिल्या भागात सगळे एका ताटात जेवायचे आणि ह्यात कारखान्याच्या निवडणुकीतल्या पॅनेलसारखे एकमेकांवर उठतात, ह्याचं त्यांना वाईट वाटलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, "बाईंनी चांगलंच केलं सगळं. पन मजा आली का म्हनशिला, तर आली. आन् आली बी न्हाय." शेवटी त्यांनी ठराव मांडला, "पाचव्याची गैरहजेरी वगळता दुसरा भाग मंजूर."

"हरकत," मामा म्हणाले.

"काय हरकत?"

"मंजूर करा न्हाय तर करू नका. तात्याला काय सांगायचं, त्येवढं सांगा."

वायरमन हळूच म्हणाला, "थेटरातनं पिक्चर उतरवला म्हनून सांगा." मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो कॅन मोजायला निघून गेला.

रविवारी मी मामांना मोटारसायकलवरून कळंबला घेऊन गेलो. तात्या खाटेवर उशीला टेकून बसले होते, दाढी केलेली, धुतलेली टोपी घातलेली. पिक्चर यायचा होता ना घरी. मामांनी सर्टिफिकेटपासून सुरुवात केली. मध्यंतराला उठले, अंगणात जाऊन पाणी पिऊन आले, आणि तिथे जरा जास्तच वेळ उभे राहिले. परत आले तर तात्यांनी डावा हात उचलून विचारलं, "आमचा?"

मामा खाटेवर बसले. "हाय की," म्हणाले. "पैल्यापास्नं हाय. दिसला न्हाय येवढंच. आता बघा, ह्या चौघांना कोंडलं तळघरात. भायेरनं हे येवढं कुलूप. आन् बसल्या जागी कुलूप उघडलं. कुनी उघडलं, सांगा?"

ते कुलूप त्या बाईने जाळ काढून वितळवलं होतं. मी मामांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसून पाहिलं होतं. सेक्रेटरींच्या वाट्याचं एक काम मामांनी परस्पर तात्यांच्या नावावर करून टाकलं होतं, आणि माझ्याकडे न बघता ते पुढे सांगत राहिले. पूल पडता पडता तोललेला राहिला. राक्षसाच्या हातातली तलवार आपोआप गळाली. तात्या ऐकत होते. संपल्यावर त्यांनी मोठ्या कष्टाने विचारलं, "मागनं... कुनी काय... म्हनलं त्येला?"

"न्हाय," मामा म्हणाले. "नाव बी काडलं न्हाय कुनी."

तात्यांचा अर्धा चेहरा हसला. "मग त्योच," म्हणाले.

परतीच्या वाटेवर मामांनी मला कालव्याजवळ थांबायला सांगितलं. काठावर बसून ते टोपीने डोळे पुसत राहिले. मलाही फार भरून आलं होतं, पण त्यांच्यासमोर रडायची लाज वाटली, म्हणून मी मोटारसायकलचा प्लग काढून उगाच साफ करत बसलो. तात्या त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत.

मामा पिक्चर बघत राहिले, पण सांगणं थांबलं. लग्नाकार्यात माणसं आग्रह करत, जागा करून देत, पण मामा हात जोडत. एकदा मी खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "आता जमत न्हाय मास्तर. सांगाया बसलो की मधीच आपल्या मनातलं येतंय."

"येऊ द्या की, मामा," मी म्हणालो. "मला तेच ऐकायचंय."

ते हसले, टोपी नीट केली, आणि म्हशींना वैरण टाकायला गेले.