राशीवरची रेघ

कार्ड हातात आलं की मामा आधी खिडकीशी जायचे. दोन बोटांनी कडेला धरून ते उजेडासमोर उचलायचे, एक डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, "बोलतंय. आयक."

आम्हाला काही ऐकू येत नसे. आम्हाला नुसती भोकं दिसत.

आजच्या वाचकाला सांगायला हवं. त्या काळी कॉम्प्युटरला काही सांगायचं तर जाड कागदाच्या कार्डावर भोकं पाडून सांगावं लागे. एका कार्डावर एक ओळ. रबाळ्याच्या ज्या कारखान्यात मी लागले, तिथे पहिल्या मजल्यावर आमचा विभाग होता. सहा मुली मशीनवर कार्डं पंच करायच्या, मी प्रोग्रॅम लिहायची आणि मामा कार्डांचे ट्रे उचलायचे. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे 'हेल्पर' एवढंच होतं.

सगळ्यांचेच मामा, तिथल्याच गावचे. मिठागर आणि थोडी भातशेती नव्या शहरासाठी गेली, तेव्हा खेटे घालून घालून ही नोकरी मिळाली. मी गोदीतल्या हमालाची मुलगी, बी.एस्सी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी तेव्हा कुणालाही विसरू देत नसे.

मामांना इंग्रजी येत नव्हतं. पण एका उभ्या ओळीत एक भोक म्हणजे आकडा आणि दोन म्हणजे अक्षर, हे त्यांनी मुलींना विचारून विचारून पाठ केलं होतं. 'ए' कागदावर काढायला सांगितला तर ते थबकत. कार्डावरचा 'ए' मात्र चालता चालता ओळखत. "वरचं एक नि एकाचं एक. ह्यो ए." माणसाने लिपी अशीही शिकावी, हे तुम्ही कुठे पाहिलंय का? मी तरी दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही.

माझा पहिला मोठा प्रोग्रॅम गोदामाच्या मालाचा होता. सातशे-आठशे कार्डं, आणि प्रत्येक आपल्या जागीच हवं. ट्रे मी स्वतः उचलला, कारण प्रोग्रॅम माझा होता. दाराची स्प्रिंग कोपराला लागली आणि सगळी कार्डं जिन्यावर पसरली. अर्ध्या तासात साहेब बघायला येणार होते. मी जिन्यातच खाली बसले.

मामा आले, वाकले, एक कार्ड उचलून त्याची कड बघितली. "उठ बाय. रेघ हाय."

"कसली रेघ?"

"मी मारलेली."

कार्डांचा गठ्ठा माझ्याकडे येण्याआधी त्यांनी त्याच्या वरच्या कडेवर निळ्या पेन्सिलीने एक तिरकी रेघ ओढली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यामुळे प्रत्येक कार्डाच्या कडेला निळा ठिपका होता, दर कार्डाला जरासा पुढे सरकलेला. ठिपक्याला ठिपका जुळवत गेलो की कार्डं आपोआप क्रमाने लागत. सगळ्या मुली जिन्यावर बसल्या. साहेब आले तेव्हा शेवटची मूठ लावणं चाललं होतं.

"बीएश्शी झालीस, नि रेघ मारायला नाय शिकवली?" मामा म्हणाले. मुली हसल्या. मला राग आला, आणि मीही हसले.

"तुम्ही कुठे शिकलात?"

"मिठागरावर. मिठाची रास लावली का वर लाकडाचा छापा मारायचा. मागून कोनी घमेलंभर जरी नेलं तरी छापा मोडतो. आपुन नसलो तरी रास सांगते."

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक गठ्ठ्यावर रेघ असे. ती मी मारायची नाही, गठ्ठा मामांनाच द्यायची. तिरकी रेघ सरळ यायला हात तसा लागतो.

काही वर्षांनी कॉम्प्युटरला पडदे आले. कीबोर्डवर टाइप केलं की अक्षर समोर दिसायचं. कार्डांचं काम संपलं. टायपिंगची परीक्षा घेऊन नव्या मशीनवर तीन जण ठेवायचे, बाकीच्यांनी दुसऱ्या खात्यात जायचं, असं ठरलं. मामांचं खातं म्हणजे खालचं गोदाम. पावडरच्या गोणी. पन्नाशी उलटलेली, आणि गुडघे मिठागराने आधीच खाल्लेले.

मामा जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आले. "बाय, मना तो टायपाचा पाटा शिकव."

मी तेव्हा विभागाची प्रमुख झाले होते. शिकवलं. पण चौथ्या दिवशी बघते तर प्रत्येक बटणावर कार्डाची एक बारीक पट्टी चिकटवलेली. 'ए'च्या बटणावर 'ए'ची भोकं, 'बी'वर 'बी'ची. रद्दीतली कार्डं कापून, गोंद लावून. छापलेलं अक्षर बघायचं, मनात त्याची भोकं आणायची, मग बटण शोधायचं. महिनाभर ते रोज असे बसत.

परीक्षेच्या सकाळी साहेबांनी पट्ट्या बघितल्या. "नव्या मशीनला गोंद? काढा ते."

ओल्या फडक्याने मी एकेक पट्टी काढली. मामा शेजारी उभे होते. म्हणाले, "काढ बाय. जागा म्हायती झाल्यात मना."

दहा मिनिटं, इंग्रजीचं एक पान. मुलींनी पान संपवलं, कुणाच्या सात चुका, कुणाच्या अकरा. मामांचं निम्मं पान झालं. मी ते दोनदा तपासलं. एकही चूक नव्हती.

फॉर्म मुख्य कचेरीतून आला होता. त्यात नाव, शिक्षण आणि वेग असे तीन रकाने. चुकांना रकाना नव्हता. 'साहेब, यात एक रकाना कमी आहे' एवढंच म्हणायचं होतं. वाक्य ओठांवर आलं होतं. पण शिकलेल्या माणसांनी केलेला कागद चुकेल, हे मला तेव्हा पटतच नव्हतं. कागदावर विश्वास ठेवूनच तर मी हमालाच्या खोलीतून इथवर आले होते. जेवढे रकाने होते तेवढे मी भरले.

मामा दुसऱ्या सोमवारी गोदामात गेले. जाताना विचारलं, "खरं तेच लिवलंस ना?"

"हो, मामा."

"मंग झालं."

पुढे दुसऱ्या खात्यासाठी अशीच परीक्षा निघाली, तिच्याआधी मी साहेबांना सांगून चुकांचा रकाना घालून घेतला. साहेब म्हणाले, "मग मागच्या वेळी का नाही बोललात?" आमच्याकडच्या तिन्ही जागा कधीच भरलेल्या होत्या.

मामा गोदामातूनच निवृत्त झाले. निरोपाच्या चहाला मी गेले होते, पण त्या रकान्याचं तिथेही बोलले नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी पडद्यावरचा माल आणि गोदामातला माल जुळेना. मोजणीत गोणी कमी भरल्या, म्हणून सगळे गोदामाच्या कारकुनाकडे बघायला लागले. तो घाबरून मला खाली घेऊन गेला. "मॅडम, इथून एक गोणी हलली नाही हो. बघा तुम्हीच."

भिंतीला लागून गोणींची थप्पी होती. तिच्यावर खालच्या कोपऱ्यापासून वरपर्यंत गेरूची एक तिरकी रेघ गेली होती.

"ही कुणी मारली?"

"म्हातारा मारायचा. प्रत्येक थप्पीवर. कशाला, ते आम्हाला नाही माहीत. बोललो की म्हणायचा, ऱ्हाऊ दे."

मी खालून सुरुवात केली आणि बोट रेघेवरून फिरवत गेले. हात पोचेना तिथे स्टुलावर चढले. या गोणीवरून त्या गोणीवर, शेवटपर्यंत. रेघ कुठेही तुटली नव्हती.

चूक आमच्या पडद्यात होती. टाइप करताना कुणाच्या तरी हातून एक आकडा बदलला होता. मी वर जाऊन तो दुरुस्त केला. बोटाला गेरू होता, तो बटणावर लागला. लालसर डाग पडला.

तो मी पुसला नाही.