नामपूरची बंद पडलेली लाईन

दोन हजार सालानंतरची गोष्ट. गंगापूर रोडवर एका शिक्षणसंस्थेचं मुख्य कार्यालय होतं, तिथे मी नेटवर्क सांभाळायचो. गावोगावची आमची कॉलेजं टेलिफोनच्या भाड्याच्या लाईनने नाशिकच्या सर्व्हरला जोडलेली होती. प्रत्येक ठिकाणी एक राउटर. मी नाशिकच्या खुर्चीत बसून काळ्या पडद्यावर चार शब्द टाइप करायचो आणि ऐंशी-नव्वद किलोमीटरवरचं यंत्र ऐकायचं. पंचविशीत एवढी सत्ता वाईटच.

अकरावीच्या प्रवेशाचे दिवस होते. नामपूरच्या राउटरवरचं एक बिनवापराचं पोर्ट, म्हणजे वायर जोडायची जागा, बंद करावं म्हणून मी सकाळीच आत शिरलो. शून्य आणि एक, असे दोन पोर्ट; शून्यावर नाशिकची लाईन, एक रिकामं. ‘शटडाऊन’ लिहून एंटर दाबलं आणि पडदा गोठला. लाईन तुटली असणार, असं मी धरून चाललो.

तिकडे प्रवेशाचं काम एक बाई बघायच्या. वयाने माझ्या आईएवढ्या, तरी मला ‘सर’ म्हणायच्या. मी कॉलेजच्या वेगळ्या, साध्या फोनवर कॉल लावला आणि आवाज चढवूनच विचारलं, “कोणी वायर हलवली का?”

“नाही हो सर. सकाळी मी टेबल पुसलं तेवढंच.”

“मग तेव्हाच हलली असणार. नीट बघा.”

तासभर त्या वायरी काढून लावत राहिल्या. मग मी सहज पडदा वर सरकवून माझीच ओळ वाचली. एकच्या जागी शून्य टाइप झालं होतं. ज्या दारातून आत गेलो, तेच मी बंद केलं होतं.

पुन्हा फोन केला. लाईन नसतानाही राउटरशी थेट बोलता येतं ती कपाटातली निळी चपटी वायर राउटरमधून कॉम्प्युटरला जोडायला सांगितली आणि एकेक अक्षर सांगत गेलो. शेवटी ‘नो शटडाऊन’ आलं.

“म्हणजे बंद करू नको, असंच ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

एंटरचा आवाज आला, क्षणभर काहीच नाही, आणि मग बाई प्रवेशासाठी थांबलेल्या पोरांच्या रांगेकडे वळून आपल्या अहिराणीत ओरडल्या, “उनी रे, लाईन उनी!” लाईन आली होती.

माझं ‘शटडाऊन’ राउटरमध्ये साठवलेलं नव्हतं, त्यामुळे तो नुसता बंद करून चालू केला असता तरी भागलं असतं, हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. त्या क्षणी मात्र वेगळंच सांगायचं होतं. “बाई, वायर हलली नव्हती. चूक माझी होती.”

त्या म्हणाल्या, “सर, तासभर मी सगळ्या पोरांना सांगत होते, माझ्याच हातून झालं म्हणून. आता सांगते त्यांना.”

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कार्यालयातल्या माझ्या साहेबांना मी त्याच दुपारी खरं काय ते सांगितलं. त्यानंतर कुठल्याही गावच्या राउटरला हात लावण्याआधी मी तिकडच्या माणसाला फोन करून विचारायचो, आत्ता कामात व्यत्यय आला तर चालेल का? सोबतचे हसायचे. पण पलीकडे कोणीतरी टेबल पुसत असतं, एवढं मला कळलं होतं.