थोर माणसांची जातवार मांडणी

देगलूरच्या शाळेत शिकवत असताना मला टपाल तिकिटांचा नाद लागला. थोर माणसांची तिकिटं मी जुन्या पाकिटांवरून पाण्यात भिजवून सोडवायचो आणि वहीत वर्षाप्रमाणं लावायचो. लातूरच्या एका निवृत्त साहेबांकडं मोठा संग्रह आहे असं कळलं, म्हणून गेल्या वर्षी मुद्दाम बसनं त्यांच्या घरी गेलो.

साहेबांनी आधी माझं आडनाव विचारलं, मग गाव, मग पुन्हा आडनाव. समाधान झाल्यावर कपाटातून चार अल्बम काढले आणि त्यातला निळा माझ्यापुढं सरकवला.

"हा बघा. तुमचे सगळे यात हायेत."

मला आधी कळलंच नाही. मग बाकीचे तीन चाळले. साहेबांनी देशातली थोर माणसं जातीप्रमाणं वेगळी केली होती. जात मोडा म्हणून जी जन्मभर ओरडली, त्यांनाही या गृहस्थानं चिमट्यानं धरून आपापल्या गल्लीत नेऊन बसवलं होतं. वर तोंड करून म्हणतात कसे, "लई शिस्तीचं काम हाय हे!"

माझ्याकडचं एका परप्रांतातल्या कवयित्रीचं तिकीट त्यांना हवं होतं. त्यांनी भिंगातून ते निरखलं आणि विचारलं, "हिची जात कोणती हो?"

"ठाऊक न्हाई."

"मग लावू कुठं?"

मी तिकीट उचललं, वहीत ठेवलं आणि निघालो.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाजात केवढा आनंद! जात सापडली होती. तिकीट मिळणार नाही, एवढंच सांगून मी फोन ठेवला.