शिवेवरचं सारवलेलं अंगण

चोपड्याचे लीलाधर वकील दर रविवारी पहाटे कळण्याची भाकरी फडक्यात बांधून घ्यायचे आणि काठी उचलून सातपुड्याकडे निघायचे. ना शिकारीला, ना नवसाला. नुसतं चढायला. कोर्टातले लोक हसायचे, आणि पुष्पाबाई, त्यांची बायको, दारात उभी राहून विचारायची, "त्या डोंगरात माझी सवत ठेवलीय का हो?" वकील म्हणायचे, "आहे ना, पण फार उंचावर राहते." आता अशा माणसापुढे काय बोलणार?

हे वेड त्यांना एका पुस्तकानं लावलं होतं. पुण्यात वकिली शिकताना रद्दीत मिळालेलं जाडजूड पुस्तक. लिहिणारा कुणी व्हिक्टोरिया राणीच्या काळातला पंडित. राष्ट्राराष्ट्रांतले कायदे शिकवायचा आणि सुट्टी लागली की बर्फाचे डोंगर चढायचा. पुष्पाबाईला इंग्रजी येत नव्हतं, मराठी मात्र ती बोट ठेवून ठेवून वाचायची. त्या पंडिताची एक गोष्ट तिला नवऱ्याच्या तोंडून ऐकून ऐकून पाठ झाली होती: दोन मुलखांच्या मधे डोंगर असला, तर पाणी जिथे दोन्हीकडे फुटतं, तिथे शीव.

अठ्ठेचाळीस साली पलीकडचं संस्थान विलीन झालं आणि हीच गोष्ट कामाला आली. खिंडीत शिवेवरचा मारुती आहे, शेजारी झरा. अलीकडचं टेंभुरखेडे म्हणे झरा आमचा, पलीकडचं सागपाणी म्हणे आमचा. काठ्या निघायची वेळ आली तेव्हा दोन्ही गावांनी वकिलांना पंच नेमलं. वकील म्हणाले, मारुतीच्या पायाशी तांब्याभर पाणी ओता, जिकडे वाहील तिकडचा झरा. मारुतीसमोरचा निवाडा, कोण नाही म्हणणार? पाणी ओतलं, ते सरळ सागपाणीकडे गेलं.

टेंभुरखेड्याची झुंबरबाई रिकामी घागर घेऊन उभी होती. ती एवढंच म्हणाली, "वकीलभाऊ, पानी तं बठ्ठं तिकडे गयं. आते आमनं काय?" सागपाणीच्या लोकांनी झऱ्याभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. टेंभुरखेड्याच्या बायका खाली दोन मैलांवरच्या नाल्यातून पाणी वाहू लागल्या. शनिवारी मारुतीला मात्र त्या चुकल्या नाहीत. नाल्याचंच पाणी वर नेऊन अंगण सारवत राहिल्या.

निवाडा बरोबर होता, हे वकील स्वतःला दहा वर्षं समजावत होते. जेवताना एकदम थांबायचे. पुष्पाबाई विचारायची, काय झालं? तर म्हणायचे, "ती घागर गं." मग ती गुमान वाढायची. तिला त्यांची फार माया यायची तेव्हा.

अठ्ठावन्नच्या माघात त्यांच्या छातीत कळ आली. जळगावच्या डॉक्टरांनी डोंगर बंद केला. वकील ऐकतात होय? "एकदा खिंडीत जाऊन येतो, मग बंद." पुष्पाबाई म्हणाली, "मग मीही येते." तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ती सवतीला भेटायला निघाली. दर वीस पावलांवर त्यांना दगडावर बसवत, पदरानं वारा घालत तिनं नवऱ्याला वर नेलं.

वर पोचल्यावर वकील धापा टाकत बसले. पुष्पाबाई मारुतीच्या पाया पडली आणि तशीच वाकून अंगण बघत राहिली. बाईमाणूस, जन्म सारवण्यात गेलेला. अंगणाची कड एका जागी ढासळली होती. तिथे तिनं बोट लावलं.

"अहो, हे सारवतं कोण?"

"टेंभुरखेड्याच्या बायका. खालच्या अंगानं येतात, पुढची बाजू सारवतात."

"आणि पलीकडचे?"

"ते शेंदूर लावतात, नारळ फोडतात."

"मग पाणी इकडे येईल कसं? चाळीस-पन्नास वर्षांची माती आहे ही. आपल्या अंगाला वीतभर वर आलंय अंगण. इथे हात लावून बघा, थरावर थर."

वकिलांनी हात लावला. म्हणाले, "ज्यांनी भक्ती केली, त्यांचंच पाणी मी काढून घेतलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुष्पाबाई म्हणाली, "रडू नका. निवाडा तुम्ही दिलाय ना? तुम्हीच बदला. पण लवकर."

लवकर का, ते दोघांनाही कळत होतं.

पुढच्याच शनिवारी दोन्ही गावं खिंडीत जमली. वकिलांना खाटेवर बसवून वर आणलं होतं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "माझी चूक झाली." भर कोर्टात कधी न बोललेलं वाक्य. मग अंगण खडकापर्यंत खरवडून पुन्हा पाणी ओता म्हणाले. सागपाणीचा म्हातारा पाटील उखर्डू चिडला, मारुतीचं अंगण खरवडायचं म्हणजे पाप आहे म्हणाला. कुणी पुढे होईना. तेव्हा झुंबरबाई खुरपं घेऊन खाली बसली. "मीच सारेल शे, मीच खरडसू," म्हणाली. जन्मभराची सेवा ती थरामागून थर उकरत गेली. खाली काळा खडक लागला.

वकिलांनी तांब्या पुष्पाबाईच्या हातात दिला. तिनं पाणी ओतलं. ते खडकावर क्षणभर थांबलं आणि टेंभुरखेड्याकडे उतरलं.

सागपाणीचे लोक माना खाली घालून उभे राहिले. आता कुंपण टेंभुरखेड्याचं होणार, असंच सगळ्यांना वाटलं. झुंबरबाईनं दहा वर्षांत पहिल्यांदा झऱ्यात घागर बुडवली आणि पहिली ओंजळ उखर्डूच्या हातावर धरली. "काटा काढी टाक, आबा," ती म्हणाली. उखर्डू पाणी प्याला आणि कुंपण त्यानं स्वतःच्या हातानं उपसलं.

साठच्या थंडीत लीलाधर वकील गेले. महिन्याभरानं पुष्पाबाईनं ते जाड पुस्तक धूळ झटकायला उचललं. एका पानात खूण होती. सगळी गिचमिड इंग्रजी, पण कडेला पेन्सिलीनं मराठीत, तिला वाचता यावं एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. बोट ठेवून ठेवून तिनं वाचलं:

"पंडितजी, पाणी ओतण्याआधी बायकोला वर घेऊन जावे. मी तीस वर्षे उशीर केला."