सीडीची वरची बाजू

समोरच्या गच्चीवर कबुतरं यायला नकोत म्हणून कुणीतरी सीडी टांगली आहे. तिचा कवडसा माझ्या भिंतीवर फिरतो आणि मला बाबांची सीडी आठवते. बाबा गेल्यावर त्यांचा आवाज तेवढाच उरला होता. चकचकीत बाजूला बोट लागू नये म्हणून आई ती मऊ कापडात जपायची. वरच्या बाजूवर मात्र तिनं बॉलपेननं दाबून, गिरवून लिहिलं होतं, ‘ह्यांचा आवाज’.

एक दिवस सीडी लागेना. मी ती दुकानात नेली.

“ताई, चकचकीत बाजूला नुसतं प्लास्टिक असतं. आवाज असतो तो ह्या वरच्या रंगाच्या लगेच खाली. पेननं तोच खरवडलाय,” दुकानदार म्हणाला.

आईला मी हे सांगितलेलं नाही. ती अजून चकचकीत बाजू हलक्या हातानं पुसते, आणि वरची अक्षरं पुसट झाली की पुन्हा गिरवते.