शेजारच्या चाचांचा चार्जर

मेढ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या चाचांचं हार्डवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं काहीही मागितलं, तरी ते आधी घसा खाकरतात आणि मोठ्या मापाचं काढून दाखवतात. "एकदाच घ्या, मोठं घ्या," हे त्यांचं ठरलेलं बोलणं.

इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा चार्जरही त्यांनी मिळाला तेवढा मोठा आणला. बसवण्याआधी वायरमननं लोड तपासला. आमची घरं जोडून आहेत आणि खांबावरून दोघांना मिळून एकच जुनी केबल येते.

वायरमन म्हणाला, "चाचा, ह्यो चार्जर ह्या केबलला झेपायचा न्हाई. कवा जळंल सांगता यायचं न्हाई. थ्री-फेज घ्या, न्हाईतर बारका लावा."

"थ्री-फेजला किती दिवस लागत्याल?"

"अर्ज करा. यील तवा यील."

चाचांनी आमच्या खिडकीकडे पाहिलं. आत माझ्या आईचं ऑक्सिजनचं मशीन चालू होतं. दुसऱ्या दिवशी मोठा चार्जर परत करून ते बारका घेऊन आले. त्यावर गाडीची बॅटरी भरायला रात्र पुरत नाही, म्हणून लांबच्या गावाला चाचा एसटीनं जातात.

परवा मी खिळे घ्यायला दुकानात गेलो होतो. शेजारी उभ्या गिऱ्हाइकानं हसत विचारलं, "चाचा, तुमी आनि बारका चार्जर?"

"मोठा भिंतीला शोभंना, गड्या," चाचा म्हणाले.

मी खाली मान घालून खिळे पिशवीत भरत राहिलो.